सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या शनिवारी मामाकडे गेलो होतो, राहात्याच्या अलीकडे. जेवणं झाली, ओट्यावर बसलो, आणि मामेभावाने हळूच विषय काढला. "दादा, सहा लाख भरायचेत. भरू का?"

पोरगं पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला होतं. (होतं म्हणजे, राजीनामा दिलाय, नोटीस पिरियड चालू आहे.) ही कंपनी दवाखाने, क्लासवाले, फायनान्सवाले अशा गिऱ्हाइकांना इंटरनेटवरून फोन पुरवते. तुम्ही दवाखान्याला फोन लावता, एक बाई गोड आवाजात 'अपॉइंटमेंटसाठी एक दाबा' म्हणते, तुम्ही एक दाबता आणि मग पाच मिनिटं बासरी ऐकता... ती बासरी यांची. पगार यथातथाच, पण ईसॉप दिलेले. आता नोकरी सोडली की नव्वद दिवसांत ते शेअर विकत घ्यायचे, नाहीतर गेले. शेअरची किंमत आणि वर त्यावरचा टॅक्स मिळून सहा लाखांच्या आसपास. मामांचं उसाचं पेमेंट नुकतंच जमा झालंय आणि ते त्यातून द्यायला तयार आहेत. मामांना ईसॉप कळत नाहीत, मुलगा कळतो.

पोराचा हिशेब साधा. "स्काइपला साडेआठ अब्ज डॉलर मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपला एकोणीस. व्होनेजला सहा. आपली कंपनी कुणीतरी मोठा घेणारच की! आज सहा भरले तर उद्या साठ येतील."

मी फटकन "नको भरू" म्हणालो. त्यावर "तुम्ही मोठ्या कंपनीतली माणसं, तुम्हाला रिस्क काय कळणार" वगैरे ऐकून घेतलं. मामी मधे चहा घेऊन आल्या म्हणून बरं, नाहीतर भांडणच होतं. पण फटकन दिलेलं उत्तर हे उत्तर नसतं. म्हणून हा वीकांत या लेखात घालवतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की इंटरनेट फोन कंपनी ही विकत घ्यायला अत्यंत वाईट वस्तू आहे, आणि पोराने दिलेली तिन्ही उदाहरणं नीट पाहिली तर माझीच बाजू मांडतात.

सुरुवात आपल्याच भागातून करू. नारायणगावजवळ आर्वीला विक्रम उपग्रह केंद्र आहे. संगमनेरकडून पुण्याला येणाऱ्यांना ते नाव माहीत असतं, पण ते कशासाठी बांधलं हे फार कुणाला माहीत नसतं. १९७१ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र. जवळजवळ तीस मीटर व्यासाची थाळी. परदेशी फोन आणि तार हा व्यवहार तेव्हा सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे होता, आणि १९८६ मध्ये त्याचीच विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल झाली. परदेशातून येणारा किंवा परदेशी जाणारा प्रत्येक फोन यांच्या दारातून. दुसरा दरवाजाच नाही. आमच्या लहानपणी एसटीडी बूथमधून अमेरिकेला एक मिनिट बोलायला पन्नास-साठ रुपये पडायचे, आणि काचेच्या खोलीतला माणूस बोलता बोलता लाल आकड्यांकडे बघत घामाघूम व्हायचा.

आता गंमत बघा. त्या मिनिटाचा खरा खर्च पन्नास रुपये कधीच नव्हता. बाकीचा पैसा म्हणजे मक्तेदारी, सरकारी कर आणि परदेशी कंपन्यांशी केलेली वाटणी. इंटरनेट फोन जन्माला आला तो याच फटीत. आवाजाचे तुकडे करायचे, पॅकेटमध्ये भरायचे, इंटरनेटवरून पाठवायचे आणि पलीकडे लोकल फोनमध्ये सोडायचे. मधलं धरण टाळायचं. पाच रुपयांत काम, दहा रुपये घ्यायचे, गिऱ्हाईक खूश. सायबर कॅफेत नेट२फोनची कार्डं विकली जायची ती याच्यावरच. (कायद्याने चालायचं की नाही, हे कॅफेवाल्याला विचारायचं नसतं.)

पण पाणी वाहतं ते पातळीतल्या फरकामुळे. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं कारण धरण उंचावर आहे. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की प्रवाह थांबला. इंटरनेट फोनचा सगळा नफा हा सरकारी दर आणि खरा खर्च यांच्यातल्या उतारावर होता, आणि इंटरनेट फोन जितका यशस्वी होणार तितका तो उतार सपाट होणार. धंदा वाढला की नफा मरतो, अशी ही विचित्र जात आहे. नेट२फोनमधला बत्तीस टक्के हिस्सा एटी अँड टीने २००० साली १.४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या गुंतवणुकीतून पाय मागे घ्यायला सुरुवात केली. असो.

आपल्याकडे १ एप्रिल २००२ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. व्हीएसएनएलची परदेशी फोनवरची मक्तेदारी संपली, आणि इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. अर्धवट कायदेशीर. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून अमेरिकेतल्या फोनवर बोला, पण संगणकावरून शिर्डीतल्या फोनवर बोलायचं नाही! हा नियम पूर्ण सुटायला २०१८ उजाडलं. सोळा वर्षं आपल्या देशात इंटरनेट फोन कंपनी काढणं म्हणजे एका पायावर लंगडी खेळणं होतं. आणि २०१८ ला जेव्हा दुसरा पाय खाली टेकवायची परवानगी मिळाली तेव्हा मैदानच उरलं नव्हतं. त्यावर पुढे येतो.

त्याच २००२ मध्ये सरकारने व्हीएसएनएलमधला पंचवीस टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटी रुपयांना विकला. या व्यवहारात सगळ्यात जास्त डोकेफोड कशावर झाली असेल? फोनवर नाही, जमिनीवर. कंपनीकडे ७७३ एकर जादा जमीन होती, तिचा मोठा हिस्सा आपल्या पुण्याजवळच्या दिघीत. ती व्यवहारातून बाजूला काढायची असं ठरलं आणि प्रत्यक्षात वेगळ्या कंपनीत जायला २०२० उजाडलं. अठरा वर्षं! परदेशी फोनचा धंदा दरम्यान कुठल्या कुठे गेला, पण दिघीची जमीन दिघीतच होती. मामांना हा मुद्दा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "मग बरोबरच आहे ना."

आता खास आपल्याकडची केस, जी फारशी कुणाला ठाऊक नाही. १९९७ साली न्यू जर्सीत आयटीएक्ससी नावाची कंपनी निघाली. फोन कंपन्यांचे आंतरराष्ट्रीय कॉल इंटरनेटवरून वाहून नेणं हा तिचा धंदा. या क्षेत्रात तिचं नाव मोठं होतं. १९९९ ला शेअर बाजारात आली, डॉटकॉमच्या तापात खूप वर गेली आणि ताप उतरल्यावर जमिनीवर आली. २००४ मध्ये ती कॅनडाच्या टेलिग्लोबमध्ये विलीन झाली. २००५ च्या जुलैत व्हीएसएनएलने टेलिग्लोब घ्यायचं जाहीर केलं आणि २००६ च्या फेब्रुवारीत व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे जी कंपनी व्हीएसएनएलसारख्यांना बुडवणार म्हणून निघाली होती, ती शेवटी मुंबईच्या व्हीएसएनएलच्याच पोटात गेली. आज तिला टाटा कम्युनिकेशन्स म्हणतात.

टेलिग्लोबची किंमत किती होती? २३९ दशलक्ष डॉलर. त्यात समुद्राखालच्या केबलमधले हिस्से, जगभरच्या फोन कंपन्यांशी असलेले करार आणि आयटीएक्ससीची सगळी इंटरनेट टेलिफोनी.

आणि त्याच वर्षी, फक्त दोन महिन्यांनी, ई-बेने स्काइप घेतली. किंमत २.६ अब्ज डॉलर. टेलिग्लोबच्या जवळजवळ अकरा पट. त्यात एक केबल नाही, एक खांब नाही. वर 'टार्गेट गाठलीत तर आणखी दीड अब्जाच्या आसपास देऊ' असं बक्षीस.

एका बाजूला मुंबईचा खरेदीदार, ज्याने वायर आणि करार बघितले. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचा खरेदीदार, ज्याने 'युजर' बघितले. तेव्हा आम्ही सगळे ई-बेला दूरदृष्टीचे म्हणत होतो आणि टाटांना जुन्या वळणाचे. मी स्वतः ऑफिसच्या कँटीनमध्ये या विषयावर तावातावाने भाषण ठोकल्याचं स्मरतं. चुकीच्या बाजूने, अर्थातच.

ई-बेचं म्हणणं होतं की लिलावात घेणारा आणि विकणारा एकमेकांशी बोलतील, त्यामुळे विक्री वाढेल. अहो, पण ऑनलाइन खरेदीची मजाच ही की विकणाऱ्याशी बोलावं लागत नाही! ज्याला बोलायची हौस आहे तो गंज बाजारात जाईल. दोन वर्षांत, २००७ च्या ऑक्टोबरात, ई-बेने स्काइपपोटी १.४ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. त्यातले सुमारे ९०० दशलक्ष हे सरळ 'आम्ही जास्त पैसे दिले' याची कबुली आणि ५३० दशलक्ष बक्षिसाच्या तडजोडीचे.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. स्काइपच्या पोटातलं पीअर-टू-पीअर तंत्र, ज्याच्यावर सगळं उभं होतं, ते ई-बेच्या मालकीचं नव्हतंच! ते संस्थापकांच्या दुसऱ्या एका कंपनीकडे, जोल्टिडकडे होतं, आणि स्काइपला ते फक्त वापरायला दिलेलं होतं. २००९ मध्ये ई-बे स्काइप विकायला निघाली तेव्हा झेनस्ट्रॉम आणि फ्रिस या संस्थापकांनी कोर्टात ओढलं. शेवटी तडजोडीत त्यांना कंपनीचा चौदा टक्के हिस्सा द्यावा लागला, मग कुठे ते तंत्र स्काइपच्या नावावर झालं. २.६ अब्ज डॉलर मोजून बंगला घेतला, रंगरंगोटी केली, आणि चार वर्षांनी कळलं की सातबारा अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. नगर जिल्ह्यातला आठवी पास माणूसही तलाठ्याकडे चक्कर मारल्याशिवाय अर्धा एकर घेत नाही. इथे सिलिकॉन व्हॅलीतले नामांकित वकील होते!

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की सोयीचं तेवढंच सांगतो. ई-बेचं शेवटी नुकसान झालं नाही. २००९ मध्ये सिल्व्हर लेक वगैरे मंडळींनी २.७५ अब्जाच्या हिशेबाने मोठा हिस्सा घेतला, ई-बेने तीस टक्के ठेवला, आणि मे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज देऊन सगळी घेतली. त्या तीस टक्क्यांवर ई-बे सुटली. सिल्व्हर लेकने तर दीड वर्षात तिप्पट केले. मग आकर्षक सौदा झाला की नाही?

झाला. पण कशामुळे झाला ते बघा. स्काइपने २०१० मध्ये ८६० दशलक्ष डॉलरची उलाढाल केली आणि तरी सात दशलक्षांचा तोटा. नोंदणी केलेले युजर ६६३ दशलक्ष. पैसे देणारे? महिन्याला सरासरी नव्वद लाखसुद्धा नाहीत. आपण सगळे चकटफू बोलणाऱ्यांत होतो. अशा कंपनीतून नफा आला तो कॉलमधून नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडून. प्रत्येक मालक सुटला कारण मागे आणखी मोठा, आणखी घाबरलेला मालक उभा होता. संगीत खुर्ची चालू होती तोवर सगळे खूश. मायक्रोसॉफ्ट बसली आणि संगीत थांबलं. ५ मे २०२५ ला त्यांनी स्काइप बंद केली आणि लोकांना सांगितलं, टीम्सवर या. काही तंत्र आणि काही माणसं टीम्समध्ये कामी आली असतील, ते सोडून देतो. पण साडेआठ अब्जांचं नाव चौदा वर्षांत पुसलं गेलं.

आणि भावा, तुझ्यासाठी खास. मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारावेळी स्काइपचे काही कर्मचारी असे निघाले की त्यांनी नोकरी सोडली होती, त्यांचे ऑप्शन व्हेस्टसुद्धा झाले होते, आणि तरी त्यांच्या हाती काही लागलं नाही. कारण त्यांच्या करारात एक कलम होतं. माणूस गेला की कंपनी त्याचे व्हेस्ट झालेले शेअरही त्याने मोजलेल्याच किमतीला परत घेऊ शकते. २०११ च्या जूनमध्ये यावर बराच गदारोळ झाला. कलम कायदेशीर होतं. त्यांनी सही केली होती. वाचलं नव्हतं, एवढंच.

आता व्हॉट्सअ‍ॅप. हे उदाहरण सगळेच देतात आणि सगळेच चुकतात. फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतली फेब्रुवारी २०१४ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करायची सोय आली २०१५ मध्ये. म्हणजे एकोणीस अब्ज दिले तेव्हा ती इंटरनेट फोन कंपनी नव्हतीच! फेसबुकने घेतली ती लोकांच्या फोनमधली नंबरांची यादी आणि दिवसातून पन्नास वेळा ते हिरवं चिन्ह उघडायची सवय. फोन नंतर वरून टाकला, फुकट, मसाला डोशाबरोबर चटणी द्यावी तसा. चटणीचं वेगळं दुकान काढून ते कुणीतरी विकत घेईल म्हणून वाट बघायची का?

कारखान्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे मामांनाही पटेल. लोणीला प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, आशियातला पहिला सहकारी. त्याची ताकद बॉयलरमध्ये नव्हती, सभासदांत होती. ऊस आपला, कारखाना आपला. नंतर आपल्या राज्यात कारखाने बंद पडताना, भाड्याने जाताना, विकले जाताना आपण पाहिले. ज्याने नुसती यंत्रं घेतली त्याला पहिल्याच हंगामात कळलं की ऊस काही यंत्रांबरोबर येत नाही. शेतकरी बघणार कोण पहिली उचल जास्त देतो, कोणाची टोळी वेळेवर येते, आणि ट्रक तिकडे वळणार. गेटकेन म्हणतात त्याला. इंटरनेट फोन कंपनीचा युजर हा शंभर टक्के गेटकेन आहे. आज इथे, उद्या तिथे, आणि ट्रकचं भाडंसुद्धा नाही. उलट आपल्याकडे दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर लागतं, म्हणजे नव्या स्पर्धकाला कायद्याची तरी भिंत. इंटरनेट फोनमध्ये दोन स्पर्धकांमध्ये अंतर अंगठ्याएवढं.

बरं, स्काइप-व्हॉट्सअ‍ॅप सामान्य लोकांसाठी, पोराची कंपनी धंद्यांसाठी. हा फरक आहे, आणि त्याने तो बरोबर काढला. "आमचं बी-टू-बी आहे दादा, एपीआय आहे." ठीक. मग व्होनेज बघू.

व्होनेज २००६ च्या मे महिन्यात सतरा डॉलरने बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी घसरली. त्यांनी आपल्याच गिऱ्हाइकांना शेअर देऊ केले होते, त्यातल्या काहींनी पडलेला भाव बघून पैसे द्यायला नकार दिला. २००७ मध्ये व्हेरायझनने पेटंटवरून खटला जिंकला, ५८ दशलक्षांचा दंड. पुन्हा सातबाराच! मग त्यांनी शहाणपणा केला. घरगुती फोन मरतोय हे ओळखून २०१६ मध्ये नेक्समो नावाची एपीआय कंपनी घेतली आणि स्वतःला 'डेव्हलपरांचा प्लॅटफॉर्म' म्हणायला लागले. हे ऐकून एरिक्सनला पाझर फुटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६.२ अब्ज डॉलरची बोली, जुलै २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात एरिक्सनने सुमारे ३२ अब्ज स्वीडिश क्रोनर बुडीत दाखवले. जवळपास निम्मी किंमत, सव्वा वर्षात. २०२४ मध्ये आणखी ११ अब्जांच्या वर क्रोनर. ज्या कंपनीने शंभरावर वर्षं जगाला फोनची यंत्रं विकली तिलाही इंटरनेट फोनची किंमत कळली नाही, तर उसाच्या पेमेंटवर कोण पैज लावतंय?

आपल्याकडे तर आणखी कठीण. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं. लोक विसरतात की जिओचा फोन हाच मुळात इंटरनेट फोन आहे. व्होल्टी म्हणजे आयपीवरून जाणारा आवाज. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला कॉल जोडून देण्याबद्दल जे पैसे द्यावे लागत, ते मिनिटाला चौदा पैसे होते, २०१७ ला सहा झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. देशातल्या देशात धरण आणि नदी एका पातळीला आली. २०१८ ला इंटरनेट टेलिफोनी मोकळी झाली ती अशा मैदानात. म्हणून आपल्याकडे स्काइप निघाली नाही. निघाल्या त्या बासरीवाल्या कंपन्या.

या कंपन्यांकडे स्वतःचं काय असतं? इथे मी माझ्या धंद्यातलं बोलतोय, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो. फोन नंबर त्यांचे नसतात, ते सरकारच्या नंबर आराखड्यातले, परवानाधारक कंपनीला वाटून दिलेले आणि तिच्याकडून यांना मिळालेले. लाइन त्यांची नसते. कोड? आतमध्ये बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्टरिस्क, फ्रीस्विच, कॅमेलिओ यांपैकी काहीतरी सापडतं. तिन्ही ओपन सोर्स, तिन्ही फुकट. मी स्वतः एका पावसाळी रविवारी जुन्या डेस्कटॉपवर अ‍ॅस्टरिस्क चढवून घरातल्या घरात 'आईसाठी एक दाबा, बाबांसाठी दोन दाबा' केलं होतं. (आईने दोनदा चुकून बाबांना फोन लावला आणि तो सर्व्हर बंद करायला लावला.) नियम बदलला, टेलिमार्केटिंगवर नवं बंधन आलं, जाहिरातीच्या कॉलला १४० चाच नंबर हवा असं झालं, की यांना रातोरात सगळं बदलावं लागतं. म्हणजे सातबारा सरकारचा, विहीर टेलिकॉम कंपनीची, बियाणं ओपन सोर्सचं. आपण खंडाने कसतोय.

खंडाने कसणं वाईट नाही हं. चांगला कसणारा दोन पैसे मिळवतो. बँकांशी करार, सीआरएमशी जोडणी, रात्री दोनला फोन उचलणारी सपोर्टची पोरं, याला किंमत आहे. आणि माझ्याविरुद्धचं एक मोठं उदाहरण आहेच. मुंबईची रूट मोबाइल. बेल्जियमच्या प्रॉक्सिमसने २०२३ मध्ये तिचा सुमारे अठ्ठावन्न टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, शेअरला १,६२६ रुपये ४० पैसे भाव, जवळपास ५,९०० कोटी रुपये, आणि २०२४ मध्ये व्यवहार झाला. मोठा सौदा, यात वाद नाही. पण रूट मोबाइलचा मुख्य धंदा फोनचा नाही, एसएमएसचा. बँकेचा ओटीपी. तिथे अजून उतार आहे, दर मेसेजमागे पैसे पडतात. शिवाय ती नफ्यातली, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. तिचा शेअर ज्याच्याकडे होता तो कुठल्याही सोमवारी सकाळी विकू शकत होता. आपल्या पोराच्या कंपनीचा शेअर विकायचा तर गिऱ्हाईक शोधायला त्याच कंपनीच्या मालकाची परवानगी लागणार.

मग येतो खरा हिशेब, जो ओट्यावर मांडायचा राहून गेला. समजा, मी फक्त समजा म्हणतोय, कंपनी शंभर कोटींना विकली गेली. पेपरात फोटो, पेढे. पण गुंतवणूकदारांनी आजवर ऐंशी कोटी घातलेत, आणि त्यांचे शेअर प्रेफरन्सचे आहेत, म्हणजे आधी त्यांचे ऐंशी जाणार. करारात दीडपट लिहिलं असेल तर एकशेवीस, म्हणजे विषयच संपला. उरलेल्या वीस कोटींत काही संस्थापकांना 'थांबा, जाऊ नका' म्हणून, आणि मग साध्या शेअरवाले, ज्यांत आमचं पोरगं. कंपनी शंभर कोटींना विकली गेली तरी त्याचे सहा लाख परत येतील याची खात्री नाही. आणि टॅक्स? शेअर हातात घेतल्या घेतल्या, त्या दिवशीची कागदावरची किंमत आणि तू मोजलेली किंमत यातला फरक म्हणजे तुझा पगार समजून सरकार टॅक्स घेतं. काही ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपना त्यात मुदत मिळते, पण यांची कंपनी त्यात नाही, मी विचारलं. न मिळालेल्या पैशावर रोख टॅक्स. त्या सहा लाखांतले जवळजवळ साडेतीन लाख हे निव्वळ टॅक्सचे आहेत. पुढे कंपनी बुडाली तर तो टॅक्स कुणी परत आणून देत नाही.

कंपनी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्याने तिथे तीन वर्षांत जे शिकलं ते मी दहा वर्षांत शिकलो नाही. संस्थापकही सरळ माणूस वाटतो. तो बोलता बोलता म्हणाला होता म्हणे, की "दोन-तीन मोठे लोक इंटरेस्टेड आहेत". असतीलच. आमच्या गल्लीतल्या बंद पिठाच्या गिरणीतही दोन-तीन मोठे लोक कायम इंटरेस्टेड असतात. माझं भांडण 'कुणीतरी घेणारच' या वाक्याशी आहे. कोण घेणार? टेलिकॉम कंपनी? तिच्याकडे लाइन, नंबर, परवाना सगळं आहे, ती सहा महिन्यांत तुमच्यासारखं बनवेल आणि आपल्या बिलात फुकट घालेल. सॉफ्टवेअरवाला? तो माणसं घेईल, त्यालाही शेअर घ्यावे लागत नाहीत, जॉब ऑफर पुरते. तुमच्याच धंद्यातला दुसरा? तो घेईल बहुधा, पण शेअरच्या बदल्यात स्वतःचे शेअर देईल, म्हणजे एका न विकणाऱ्या कागदाच्या जागी दुसरा.

मंगळवारी त्याचा फोन आला होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून, अर्थातच. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. ईसॉपच्या करारात सोडून गेलेल्या माणसाचे शेअर परत घ्यायचं कलम आहे का, आणि प्रेफरन्स एकपट आहे की जास्त. पहिलं त्याला माहीत नव्हतं. दुसरं एचआरला विचारलं तर 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून उत्तर आलं. मामांनी मधेच फोन घेतला आणि विचारलं, "ते कागद तू वाचशील का? मग मी चेक लिहितो." पाठवा म्हटलं. मुदत संपायला अजून एकोणीस दिवस आहेत. पीडीएफ अजून आलेली नाही.